हाज दर्दीरच्या नावाचं पाणी

कोंबड्यांची करंडी खाली ठेवून बाईने रांजणातून पेलाभर पाणी घेतलं, एक घोट घेतला आणि तिथल्या तिथे रस्त्यावर थुंकली.

"शी! चिखल नुसता," ती म्हणाली. "ज्याच्या नावाने हे ठेवलंय ना, त्याला तिकडे वर हेच पाजोत."

उरलेलं पाणी तिने धुळीत ओतलं, पेला साखळीला लोंबकळत सोडला आणि सोहाग शहराकडे जाणाऱ्या मिनीबसच्या सावलीत जाऊन बसली. फिक्री रांजणांशेजारीच उभा होता. त्याने सगळं ऐकलं.

रांजण त्याच्या बापाच्या नावाचे होते. हाज दर्दीर वारल्यावर फिक्रीने कैरोहून येऊन हमरस्त्याच्या थांब्यावर ही पाणपोई घातली होती. येणाऱ्या-जाणाऱ्याने पाणी प्यावं आणि मेलेल्यासाठी फातिहाची प्रार्थना म्हणावी, एवढंच. गावी आला की फिक्री मुद्दाम इथे येऊन उभा राही, ओळख न देता. थांब्यावरची माणसं लांबच्या गावांची, त्याला कोण ओळखणार? पाणी पिऊन कुणी "अल्ला त्याला सुखात ठेवो" म्हटलं की त्याचं काळीज सुपाएवढं होई. आज मात्र बापाला दिलेले शिव्याशाप ऐकायची पाळी आली.

आणि दोष तरी कुणाला द्यायचा? रांजण सावलीत ठेवावा, तो घाम गाळतो म्हणून पाणी गार राहतं, हे तिथलं शेंबडं पोरही सांगेल. पण फिक्रीसाहेबांना ते चालेना. सावलीतलं नाव रस्त्यावरून कोण वाचणार? त्याने रांजण तुतीखालून उन्हात ओढून आणले, त्यांना चकचकीत हिरवा तेलरंग फासला आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत बापाचं नाव काढून घेतलं. बहीण अतियात तेव्हा म्हणालीही, अरे दादा, रांजणाला कुणी रंग लावतं का, त्याने श्वास कुठून घ्यायचा? त्याने तिला गप्प बसवलं. कैरोला राहतो ना तो, त्याला जास्त कळतं.

रंगाखाली रांजणाचा घाम आटला. पाणी कोमट राहू लागलं. लोक झाकण उघडं टाकून जात, वरून ऊन. आत शेवाळ धरलं आणि वास सुटला. नव्या रांजणाचा मातकट वास कुणालाही आवडतो, हा तो नव्हे. हा कालव्याच्या तळाचा, बीट न धुताच चावावं तसा. अतियातने फोनवर सांगितलं, घासून घासून हात दुखले तरी जात नाही. फिक्रीने ओळखीच्या औषधवाल्याला विचारलं. तो म्हणाला, शेवाळातले आणि मातीतले बारीक जीव सोडतात तो वास, कणभर असला तरी नाकाला लगेच कळतो, पण त्याने कुणी आजारी पडत नाही. झालं! फिक्रीने बहिणीला कळवून टाकलं, कुणी मरत नाही, राहू दे तसंच.

तेवढ्यात मिनीबसमधून काठी टेकत एक म्हातारा उतरला. बाईचं थुंकणं त्याने खिडकीतून पाहिलं होतं. रांजणावरचं नाव त्याने बोट फिरवत, अक्षर अक्षर लावून वाचलं आणि फिक्रीकडे वळला.

"बाळा, तू इथलाच ना? हा हाज दर्दीर कुणापैकी रे?"

बाईनेही मान वळवली. फिक्रीची कानशिलं तापली.

"ठाऊक नाही, काका," तो म्हणाला. "मी वाटसरू आहे."

शब्द तोंडातून गेला आणि त्याला स्वतःचीच किळस आली. बापाला त्याने भर रस्त्यात परका करून टाकलं होतं. पण आता शब्द मागे कसा घ्यायचा? बाई अजून बघत होती.

म्हाताऱ्याने पेला भरला आणि तोंड वाकडं न करता सगळा प्यायला.

"मूलबाळ नसणार बिचाऱ्याला," तो म्हणाला. "असतं तर रांजणाची अशी दशा होती का? मेल्या माणसाचा काय दोष? चल, आपण दोघं म्हणू या त्याच्यासाठी."

फिक्रीने हात पसरले. म्हातारा पुटपुटत राहिला, फिक्रीही पुटपुटला, दोघांनी तोंडावरून हात फिरवले. मग म्हाताऱ्याने त्याच्या खांद्यावर थाप मारली. परक्यासाठी हल्ली कोण म्हणतं, फार मोठं पुण्याचं काम केलंस, म्हणाला. आणि विचारलं, तुझे वडील आहेत का?

फिक्रीने नकारार्थी मान हलवली.

"मग त्यांच्यासाठीही म्हणतो. नाव काय त्यांचं?"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. बाई करंडी उचलून चढली. म्हातारा जागचा हलला नाही. हात पसरून तो फिक्रीच्या तोंडाकडे बघत होता. फिक्रीची नजर रांजणावरच्या पांढऱ्या अक्षरांवर गेली.

"सांग ना, बाळा," म्हातारा म्हणाला. "बापाचं नाव सांगायला एवढा वेळ लागतो का?"