घाईची शिवण

"हिचा कुर्ता परवापर्यंत होईल का?" प्रभाकररावांनी दारातूनच विचारलं. "हेमांगी दवाखान्यात आहे. आता फार दिवस नाहीत, म्हणाले डॉक्टर. तिला मात्र आम्ही काहीच सांगितलेलं नाही."

शर्वाणीच्या हातातली सुई थांबली. हातमागाच्या कापडाचे मोजकेच कपडे ती शिवायची, तेही सगळे हातानं. त्यासाठी गिऱ्हाइकं महिनोन्महिने थांबायची. हेमांगीताईंना तर थांबणंच आवडायचं. "सावकाश शिवा हो," त्या दर भेटीत म्हणायच्या. "तयार कपडा काय, बाजारात कधीही मिळतो. माझ्यासाठी कुणीतरी बसून काहीतरी शिवतंय, या विचारानंच बरं वाटतं."

शर्वाणीनं बाकीची कामं बाजूला सारली. तरी हातानं वेळेत होईना, तेव्हा शेजारणीच्या मशीनवर तिनं कुर्त्याच्या बाजू शिवून घेतल्या आणि तो घेऊन दवाखाना गाठला.

हेमांगीताई केवढ्या खुलल्या! गळ्यावरच्या बारीक टाक्यांवरून त्यांनी हात फिरवला. मग सवयीनं कुर्ता उलटा केला आणि बाजूच्या शिवणीवर त्यांचं बोट थबकलं.

"ही मशीनची आहे."

प्रभाकरराव खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

हेमांगीताई कितीतरी वेळ त्यांच्या पाठीकडे बघत होत्या.

"इतकी घाई आहे होय?" त्या हळूच म्हणाल्या. मग कुर्ता मांडीवर ठेवून त्यांनी पलंगावर थोडी जागा केली.

"अहो, इकडे येऊन बसा. एकट्यानं किती रडाल?"