चाळीस सेकंद

हरवून सापडलेल्या माणसांच्या, आमच्या वेबसाइटवरच्या यादीत एक नाव शोधायला चाळीस सेकंद लागायचे, कारण संगणक दरवेळी पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत सगळं वाचत बसायचा. मी नावांच्या रकान्यावर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची, लावला आणि उत्तर डोळ्याचं पातं लवायच्या आत येऊ लागलं. साहेबांनी पाठ थोपटली. दोन दिवस मी ऑफिसात छाती काढून हिंडलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका बाईंचा फोन आला.

"तुमचं ते शोधायचं बिघडलंय वाटतं. मुलाचं नाव टाकलं, की लगेच 'नोंद नाही' म्हणतं."

"बिघडलं नाहीये, काकू. उलट आता भरभर शोधतं."

"पण नीट शोधतं ना?"

"अगदी नीट. आधी उगाच वेळ खायचं."



"अकरा वर्षं झाली, रोज सकाळी बघते. 'नाही' तर ते आधीही म्हणायचंच, बाळा. पण तेवढा वेळ तरी तो सापडणार असायचा."