सत्तरीचं कार्ड

शिबिरात कार्डं काढून देणाऱ्या नम्रताने केरूचं आधारकार्ड उजेडाकडे धरलं, पुन्हा एकदा संगणकात पाहिलं आणि कार्ड हलकेच टेबलावर ठेवलं.

"काका, तुमचं वय सहासष्ट आहे. हे कार्ड सत्तर पूर्ण झालेल्यांनाच मिळतं. चार वर्षांनी या."

पेणच्या त्या हॉलात सकाळपासून म्हाताऱ्यांची रांग लागली होती. सत्तरी ओलांडली की दवाखान्याचा खर्च सरकार करतं, हे कळल्यावर खाडीकाठचा अर्धा खारेपाट लोटला होता. केरू तर रोह्याच्या बाजूने, वरशाहून, काठी टेकत एसटीने आला होता. त्याच्या उजव्या गुडघ्याची वाटी झिजली होती. वर्षभरात गुडघा बदलला नाही तर काठीनेही चालणं व्हायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. रोह्याच्या कंपनीने त्याला मुदतीआधीच स्वेच्छानिवृत्ती दिली होती. त्यातली इच्छा कंपनीची. त्या दिवसापासून कामगार विम्याचा दवाखानाही सुटला. हाती आलेले पैसे बायकोच्या आजारपणात गेले, आणि शेवटी बायकोही गेली. बाकीच्या योजनांत त्याचं ऑपरेशन बसत नव्हतं. उरलं होतं ते हे सत्तरीचं कार्ड.

"सहासष्ट?" मागून सगुणा पुढे सरली. ही केरूची पाठची बहीण. तिचं कार्ड आत्ताच झालं होतं आणि ते तिने मुठीत घट्ट धरलं होतं. "अगो बाय, मना सत्तर झाली म्हणून तूच आता कार्ड दिलंस ना? हा माझा थोरला भाऊ हाय. याचं दूध सुटलं तवा मी झाले. मग याला सहासष्ट कशी?"

रांगेत हशा पिकला. नम्रतालाही हसू आलं, पण तिच्या हातात काही नव्हतं.

"आजी, मला पटतंय हो तुमचं. पण आधारवर असेल तीच तारीख धरावी लागते. काकांनी शाळेचा दाखला आणला, तर ती दुरुस्त करून घेता येईल."

दाखला केरूकडे होता. खरी मेख तिथेच होती.

बेचाळीस वर्षांपूर्वी कंपनीत पंचविशीच्या आतलीच माणसं घेत होते आणि केरू तिशीला टेकला होता. तेव्हा त्याच्या बापाने, कान्हूने, धरमतरच्या खाडीत सापडलेला हातभर लांब जिताडा केळीच्या पानात गुंडाळला आणि मास्तरांच्या घरी पोचवला. आपल्याकडे अडलेलं काम जिताड्याने सुटतं. समोरचा मासे खाणारा असला म्हणजे झालं. मास्तर खाणारे होते. दुसऱ्या दिवशी दाखल्यावर केरू पाच वर्षांनी लहान झाला. घरात केवढा आनंद झाला! नोकरी तर लागलीच, वर पाच वर्षं जास्तीची करायला मिळणार होती. ती काही मिळाली नाहीत.

सगुणाला शाळेत कोणी घातलंच नव्हतं. आईने सांगितलं तेच तिचं वय, आणि आधारकार्डावरही तेच लागलं.

"दाखल्यावर पन हेच हाय," केरू म्हणाला.

"मग वयाची साक्ष द्यायला शाळेचे मास्तर? नाहीतर तुमच्या बरोबरीचं कोणी, तुमच्या वर्गातलं?"

केरूने आठवून पाहिलं. दत्ता, विठू, लांबच्या आळीतला तो तोतरा. एकेकाचं नाव घेताना त्याच्या दहाव्यालाही आपण गेलो होतो, हे त्याला आठवत गेलं.

"होते," तो म्हणाला. "आता मी एकलाच हाय."

नम्रताने आधारकार्ड दोन्ही हातांनी त्याला परत दिलं आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

हॉलबाहेरच्या तीन पायऱ्या उतरायला केरूला बराच वेळ लागला. सगुणा खाली थांबली होती.

"दादा, घरी चल. र्‍हा चार दिस. सून काय बोलणार नाय."

सून बोलणार नाही हे त्यालाही माहीत होतं. पण दोन खोल्या आणि सहा माणसं, त्यात काठीवाला सातवा कुठे मावणार?

"नको गो. घरी कामं पडलीत."

वरशाच्या घरी कसलंही काम नव्हतं. दुसऱ्या मजल्यावर गुडघा चोळत बसायचं आणि जिन्यात पाऊल वाजलं की ते आपल्या दाराशी थांबतं का, ते ऐकत राहायचं. आजवर एकदाही थांबलं नव्हतं. इमारतीत सगळे त्याला काका म्हणत. दादा म्हणणारी जगात ही एकटी उरली होती, आणि आता तीही निघाली होती. केरूला फार एकटं वाटलं. तिला म्हणावं, थोडी थांब, एक चहा घेऊ. पण समोर गावाकडची सहा सीटची रिक्षा भरत आली होती आणि रिक्षावाला सगुणाला हाका मारत होता.

सगुणाने कार्ड पिशवीत तळाशी ठेवलं. मग निघताना दर वेळी वाकायची तशी ती त्याच्या पाया पडायला वाकली. केरूने काठी बगलेत धरली आणि दोन्ही हातांनी तिला अर्ध्यातच उठवलं.

"तू नको वाकू गो. सरकारच्या कागदावर आता तूच थोरली," तो म्हणाला. "पाया मीच पडायला पायजे. पन गुडघा वाकत नाय."