मिटल्या डोळ्यांआड

सूर्याभोवती वलय फुगत होतं. स्फोट आपल्या दिशेनं निघाला तरी असंच वलय दिसतं, पाठमोरा गेला तरी असंच. चंद्रावरच्या वसाहतीत सूर्यावर नजर ठेवणाऱ्या इरावतीनं तो पाठमोरा धरला आणि भुयारात जायचा भोंगा दिलाच नाही.

वरच्या काचघरातून तिच्या भावाचा फोन आला. "अक्का, पोरांची लपाछपी चाललीय. खेळू देत ना?"

"खेळू दे रे."

तेवढ्यात पडद्यावर पांढरे ठिपके पडू लागले. कॅमेरा जुनाच होता. पण सौरवादळाचे कण काच, माणूस, सगळं भेदून जाताना असेच ठिपके पडतात, हे तिला आठवलं.

फोनमध्ये, राज्य आलेली तिची लेक खिदळली, "मामा, डोळे घट्ट मिटलेत, तरी चांदण्या दिसतायत!"