कोपऱ्यावरची मडकी

रोमन राज्यातल्या कापुआ शहरात, आमच्या अत्तरगल्लीत गावियसचं अत्तराचं दुकान, आणि भिंतीला भिंत लागून स्तातियस परटाचं. टोगे, म्हणजे अंगाभोवती गुंडाळायची लोकरी वस्त्रं, पांढरीशुभ्र करायला परटाला मूत लागायचं, म्हणून त्यानं कोपऱ्यावर मडकी मांडली होती. येणाऱ्याजाणाऱ्यांनी त्यात मोकळं व्हायचं.

"अरे, माझ्या गुलाबाचं वाटोळं केलंस तू!" नाजूक नाकाचा गावियस रोज ओरडायचा. "गिऱ्हाइकं नाक दाबून पळत आत शिरतात!"

"शिरतात ना आत?" एवढंच म्हणून परीट कपडे तुडवत राहायचा.

शेवटी गावियसनं अर्जावर अख्ख्या गल्लीच्या दुकानदारांचे शिक्के गोळा करून नगराधिकाऱ्यांकडे तक्रार नेली आणि परटाला वेशीबाहेर घालवलं. त्या दिवशी या शूरवीरानं दुकानाला फुलांच्या माळा चढवल्या.

आता बायका छान मोकळा श्वास घेत, गप्पा मारत येतात आणि त्याच्या दुकानावरून सरळ पुढे निघून जातात.

पंधराव्या दिवशी गावियस वेशीबाहेर परटाच्या दारात मान खाली घालून उभा होता.



"स्तातियसराव, एक मडकं द्या ना. भरलेलं."