बुजरी कोल्हीण

कोल्हीण बाबाला चावली.

पडद्यावरच्या बाबाला. डोंगर पोखरून राहणाऱ्या बुटक्यांची वसाहत चालवायचा हा खेळ. त्यातल्या एका ढेरपोट्या, दाढीवाल्या बुटक्याचं नाव लेकीने ‘बाबा’ ठेवलं होतं. पिंजऱ्यात हात घातला तसा तो किंचाळून मागे पडला. खुर्चीतला खरा बाबा हसला.

“ठमाकाकू, ही तर ओळखच विसरली की आपली!”

“विसरणारच. तू तीन रविवार आला नाहीस,” लेक म्हणाली. ठमाकाकू म्हटलं की पूर्वी ती खुदकन हसायची.

या खेळात रानातला कोल्हा माणसाळतो, पण कायमचा नाही. ज्याने माणसाळवला त्याने येत राहायचं. नाही आला, तर कोल्हा आधी बुजरा होतो, मग पुन्हा रानटी. कोल्हिणीच्या पिंजऱ्यावर आता ‘बुजरी’ असं लिहून आलं होतं.

“मग दुसऱ्या कुठल्या बुटक्याला लावायचंस कामाला.”

“ती तुझी आहे. तू पकडलीस.”

त्याच्याकडे कारण होतं. कारण त्याच्याकडे नेहमीच असायचं, आणि पंचाईत अशी की ते खरं असायचं. तो लिफ्ट दुरुस्त करायचा. लिफ्ट काही वार बघून बंद पडत नाही. दोन मजल्यांच्या मध्ये कोंडलेल्या माणसाला बाहेर ओढलं की तो हात धरून म्हणतो, ‘देवासारखे धावून आलात.’ हे सगळं तो मनातल्या मनात स्वतःच्या जमेला धरायचा. लेकीच्या घरी त्याला देव म्हणणारं कोणी नव्हतं.

“कोल्हा काकडीला राजी म्हणतात,” लेकीची आई स्वयंपाकघरातून म्हणाली. “पण काकडी तरी वेळेवर टाकावी माणसाने.”

त्याने ऐकलं नाही. संसार मोडला, तरी संसारात शिकलेली ही एक कला त्याच्यापाशी शाबूत होती.

मग तो बाह्या सरसावून बसला. आज सगळी कसर भरून काढायची. मांसाचे तुकडे टाकून झाले. कोल्हीण गुरगुरली, पुन्हा चावली, कोपऱ्यात जाऊन बसली.

“घाई नको ना करूस,” लेक म्हणाली. “आधी नुसता उभा राहा.”

बुटक्याला पिंजऱ्यापाशी नुसतं उभं करून तो खुर्चीत बसून राहिला. लेकीने हळूच त्याच्या खांद्यावर हनुवटी टेकली. चहावर साय धरली. कोल्हीण एकेक पाऊल पुढे आली आणि बुटक्याच्या पायाशी अंगाचं मुटकुळं करून बसली. पिंजऱ्यावरचा शब्द बदलला: ‘माणसाळलेली.’ लेकीने टाळ्या पिटल्या. तीन रविवार एका दुपारीत फिटले, असं त्याला वाटलं.

तेवढ्यात फोन वाजला. कुठल्याशा इमारतीत लिफ्ट अडकली होती, आत कोणीतरी रडत होतं.

“जावं लागेल गं. पुढच्या रविवारी नक्की.”

खांद्यावरची हनुवटी उचलली गेली. लेकीने माउस आपल्याकडे ओढला आणि पिंजऱ्याचं दार उघडलं. वसाहतीबाहेर बर्फ पडत होतं. कोल्हीण जाईना. लेकीने दोन बुटके मागे लावून तिला हुसकावलं. थांबत थांबत, मागे बघत ती रानाच्या कडेपर्यंत गेली आणि दिसेनाशी झाली.

“अगं वेडाबाई! आत्ता कुठे ओळखायला लागली होती!”

“म्हणूनच,” लेक म्हणाली. आवाजात रागबिग काही नव्हता. “माणसाळलेली असली की वाट बघत बसते, बाबा. रानटी झाली की नाही बघत.”

पोरांच्या तोंडाला काय, काहीही येतं. त्याने हत्यारांची पिशवी उचलली. दारात तो सवयीने थांबला. इथे एक प्रश्न ठरलेला असायचा: ‘परत कधी येशील?’ त्याचं उत्तर देताना त्याची जीभ दर वेळी जड व्हायची. आज प्रश्न आलाच नाही. लेक कोल्हिणीच्या रिकाम्या पिंजऱ्याच्या जागी धान्याचं कोठार बांधत होती.

सुटलो बुवा, म्हणत तो लिफ्टमध्ये शिरला. मजले उतरताना त्याला खरोखरच हलकं वाटत होतं. तळमजला आला. दार उघडलं. तो हलला नाही. दार थोडा वेळ उघडं राहिलं आणि आपोआप मिटलं. खिशात फोन पुन्हा वाजायला लागला. कोणीतरी आत अडकलं होतं.