गावातली माणसं जेवतात तिथं

१९५१ साली दत्ताराम आणि त्याचे मामा गिरगावातून वसईचा किल्ला बघायला आले. दुपारी भूक लागली, पण किल्ल्याजवळच्या खानावळीत शिरायला मामा तयार होईनात. "इथं सगळे आपल्यासारखेच मुंबईकर. गावातली माणसं जेवतात तिथं जेवायचं."

शोधत शोधत दोघं एका केळीच्या वाडीत पोचले. ओटीवर पाट मांडलेले होते. यजमान धावतच पुढे आले. "या, या! केव्हाची वाट बघतोय तुमची."

"बघ, याला म्हणतात आगत्य," मामा पुटपुटले.

तांदळाच्या भाकऱ्या, केळफुलाची भाजी, वर गरम शिरा. वाढणारी मुलगी लाजत होती, आणि दत्ताराम पुन्हा पुन्हा भाजी मागत होता.

"केलं कुणी हे?" मामांनी बोटं चाटत विचारलं.

"आमच्या जयवंतीनं. हीच ती."

"पसंत! एकदम पसंत!"

आत बायकांची धांदल उडाली. कुणीतरी साखर वाटली. मामांनी हात धुतले आणि खिसा चाचपला. "बोला, काय द्यायचं?"

"छे, छे! देणंघेणं काही नको. मुलगी पसंत पडली, आता मुहूर्त तेवढा सांगा."

मामांना जोराचा ठसका लागला.

 

दत्ताराम मात्र हळूच म्हणाला, "मामा, आषाढाच्या आधीचा सांगा."